उपचार संपले, म्हणून तोंडाला आराम? चर्चा

मिरजेचा फिजिओ
'गालाच्या कॅन्सरचे उपचार संपले की माणूस पेशंट राहत नाही. घरच्यांनी त्याला वर्षभर विश्रांती द्यावी, तोंडाला ताण देऊ नये, मऊ खाऊ घालावं', अशी पोस्ट काल इथे आली आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

रेडिएशनने चावायचे स्नायू आखडतात. हे आखडणं उपचार संपल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात झपाट्याने वाढतं, म्हणजे घरचे कौतुकाने आराम देतात नेमकं तेव्हाच. वरच्या-खालच्या पुढच्या दातांतलं अंतर पट्टीने मोजा. 35 मिमी किंवा त्याहून कमी भरलं तर जबडा अडकलाय. आणखी खाली गेलं की घास आत जात नाही, ब्रश मागच्या दाढेपर्यंत पोचत नाही आणि माणूस लग्नाच्या पंगतीला जायचंच टाळतो. कॅन्सर बरा होऊन हे असं जगायचं?

जबडा मोकळा करायच्या व्यायामासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्या. एक काडी साधारण दोन मिमी. मावतील तेवढ्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि गठ्ठ्याच्या मधोमध आणखी एक हळूच सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. 30 सेकंद धरायचं, असं 5 वेळा, दिवसातून 5 खेपा. पुढचे दात हलत असतील तर काड्या दाढांत धरा. जबड्याचं हाड कापून पायाचं हाड आणि प्लेट बसवली असेल तर सर्जनने हो म्हटल्याशिवाय सुरू करू नका.

नर्स_बार्शी
त्या पोस्टची बाजू मी घेते. सर, रेडिएशनचे 30 दिवस संपतात तेव्हा तोंड आतून सोललेलं असतं. ते भरायला महिना-दीड महिना जातो. तेव्हा लाकडाची काडी कोण धरणार? नाकात नळी असते, वजन उतरलेलं असतं. आधी दर दोन-अडीच तासांनी 200 मिली पातळ आहार, डोकं वर करून, नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं, हे धड जमू दे. घरचे नाचणीची पेज न गाळता ओततात आणि मागून पाणी सोडत नाहीत. नळी तुंबते, मग रात्री धावाधाव. एवढ्यात काड्यांचा धोशा लावला की पेशंट चिडून जेवणच सोडतो.

शिवाय सगळा दोष रेडिएशनवर टाकू नका. 'तंबाखू सोडली' म्हणतात आणि खिशात सुपारी असते. सुपारीने आतली कातडी आधीच दोरीसारखी ताठ झालेली असते. गुटखाबंदी 2012 सालची आणि टपरीवर पुड्या आजही लटकतायत, त्यावर लिहा की कुणीतरी!

दातांची डॉक्टर
काड्या आणि सुपारी दोन्ही बाजूला ठेवा. माझ्याकडे ही माणसं येतात तेव्हा रेडिएशन उरकलेलं असतं आणि खालच्या दाढा किडलेल्या असतात. लाळ आटली की कीड महिन्यांत पसरते. खालच्या जबड्याला 60 ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) आसपास डोस गेला असेल तर नंतर दाढ काढणं म्हणजे हाड उघडं पडून कुजण्याची भीती. हा धोका आयुष्यभर राहतो. म्हणून वाईट दाढा रेडिएशनच्या दोन-तीन आठवडे आधी निघायला हव्यात. आधी आमच्याकडे पाठवतं कोण?

रेडिओथेरपी_टेक
पाठवलं की काय होतं ते आम्ही बघतो. तीन चांगले दात आणि एक किडका असला तरी सगळी बत्तिशी उतरवतात. जखमा भरेपर्यंत आम्ही थांबायचं. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू झालं पाहिजे, उशीर झाला की आजार उलटायची शक्यता वाढते. दातांपायी जीव धोक्यात घालायचा का? आणि सगळे दात गेलेला माणूस खाणार काय?

दातांची डॉक्टर
सगळे दात काढा असं मी कुठे म्हटलं? वाक्य नीट वाचून मग चिडा. डोस जिथे पडणार तिथल्याच दाढा बघायच्या: मुळाशी पू, हिरडीत 6 मिमी किंवा जास्त खोल खिसा, भरून न निघणारी कीड. बाकीचे दात ठेवायचे आणि फ्लोराइड जेल दातांवर बसणाऱ्या ट्रेमध्ये घालून रोज, कायमचं लावायचं. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या. आणि उशिराचं म्हणाल, तर पेशंट ऑपरेशनसाठी भूल घेऊन झोपलेलाच असतो. त्याच टेबलावर दाढा काढल्या तर एक दिवसही वाया जात नाही. त्यासाठी ऑपरेशनआधी आम्हाला एक फोन करावा लागतो, तेवढाच होत नाही!

रेडिओथेरपी_टेक
टेबलावरच निघणार असतील तर माझी हरकत नाही. पण ऑपरेशनच नसलेल्या, थेट केमो-रेडिएशनच्या पेशंटचं काय? तिथे तुमचे तीन आठवडे आमच्या वेळापत्रकातूनच जातात.

दातांची डॉक्टर
तिथे डोकं हलू नये म्हणूनचा मास्क, स्कॅन, प्लॅनिंग यात तुमचेही दिवस जातातच. निदान झालं त्याच आठवड्यात पाठवलंत तर दोन्ही कामं बरोबरीने होतात.

मिरजेचा फिजिओ
दातांवर एवढं भांडलात, पण तोंड वीस मिमीच उघडत असेल तर डॉक्टरांचं अवजार दाढेपर्यंत जाणार कसं? ट्रे तरी बसेल का?

बार्शीच्या ताई, सोललेल्या तोंडात काडी घालू नका हे मान्य. पण तेव्हाही नुसतं तोंड उघड-मीट करणं, जबडा डावी-उजवीकडे नेणं चालू ठेवा. काड्या तोंडातल्या जखमा भरल्यावर. आणि सुपारीचं म्हणता ते धरलं तर ऑपरेशनआधीचं अंतर केसपेपरवर लिहिलंच पाहिजे, नाहीतर नंतरचं कशाशी ताडून बघणार? गाल बधिर असतो, त्यावर गरम पिशवी ठेवून शेकू नका. चटका बसलेला कळतही नाही.

खांदाही विसरू नका. मानेच्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावली की हात बाजूने खांद्याच्या वर जात नाही, आणि न वापरलेला खांदा पुढे गोठतो. विळा, पंप, बसचा दांडा, सगळंच अडतं. टाके निघाले की भिंतीवर बोटं चढवणं सुरू.

नर्स_बार्शी
उघड-मीट चालेल, तेवढं घरच्यांना सांगते. पण 5 खेपा मी लिहून देणार नाही, शेतात जाणारा माणूस तीन केल्या तरी खूप. आणि तुम्ही कुणीच थायरॉइडचं बोलला नाहीत. मानेला रेडिएशन झालेल्याची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, दर सहा ते बारा महिन्यांनी करायची असते. सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ याला घरचे 'खचलाय बिचारा' म्हणतात आणि गोळी साधी थायरॉइडची लागते.

मिरजेचा फिजिओ
तीन तर तीन. पण मिमीचा आकडा दर आठवड्याला कॅलेंडरवर मांडायला सांगा. उतरायला लागला की पाच करा.