मदत हवी आहे: लिलावात डोमेन लागलं, पण विकणारा खरा मालक आहे हे कसं तपासायचं?

पानगळ:
नमस्कार मंडळी. एका ऑनलाइन लिलावात एका डॉट कॉम डोमेनवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावर, बोली लावली होती, परवा रात्री माझीच बोली शेवटची ठरली. आनंद तासभर टिकला. पैसे भरण्याआधी हूइज (डोमेन कुणाच्या नावावर आहे ती सार्वजनिक नोंद) बघायला गेले, तर मालकाचं नाव, पत्ता, ईमेल सगळ्यावर पडदा. नोंदणी २००९ ची, शेवटचा बदल तीन आठवड्यांपूर्वीचा, एवढंच दिसतं.

विकणाऱ्याला पुरावा मागितला तर त्याने रजिस्ट्रारच्या (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या) पॅनेलचा स्क्रीनशॉट पाठवला. तसला स्क्रीनशॉट मीही दहा मिनिटांत बनवीन, म्हणून कुठेतरी वाचलेलं आठवून त्याला एक अगम्य अक्षरमाळ दिली आणि म्हटलं, ही डोमेनच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये (डोमेनच्या सेटिंगमधली मजकुराची नोंद, ती कुणालाही वाचता येते) टाकून दाखवा. पठ्ठ्याने पंधरा मिनिटांत टाकली! मी स्वतः तपासलं, अक्षर न् अक्षर बरोबर.

मग आता शंका कसली? तर त्याचा पुढचा निरोप: "लिलाववाल्यांचं कमिशन कशाला भरायचं? थेट खात्यात पैसे टाका, मी लगेच डोमेन तुमच्या खात्यात पुश करतो." इथे माशी शिंकली.

टीएक्सटी रेकॉर्ड हा मालकीचा पुरावा धरायचा का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खटपट्या:
थेट पैसे टाकू नका. पुढचं सगळं नंतर. एस्क्रोशिवाय (डोमेन हातात येईपर्यंत पैसे सांभाळणारा त्रयस्थ) व्यवहार नाही, आणि एस्क्रोची लिंकही त्याने पाठवलेली वापरू नका, पत्ता स्वतः टाइप करा. हुबेहूब दिसणाऱ्या नकली एस्क्रो साइट्स असतात.

एक विचारायचं राहिलं. मुदत संपलेल्या डोमेनचा रजिस्ट्रारने लावलेला लिलाव होता, की कुणा खाजगी माणसाने विकायला काढलं होतं? पहिल्या प्रकारात रजिस्ट्रार स्वतःच व्यवहार करतो, तिथे धोका एवढाच की जुना मालक मुदतीत येऊन नूतनीकरण करून जातो आणि तुम्हाला पैसे परत मिळतात. दुसऱ्या प्रकारात मात्र सगळी तपासणी तुमच्या गळ्यात.

पानगळ:
दुसरा प्रकार. खाजगी विक्रेता.

जुनं खोड:
ताई, टीएक्सटीची युक्ती चांगली केलीत, पण तिने सिद्ध काय झालं ते नीट बघा. आज या माणसाच्या हातात त्या डोमेनचा डीएनएस (नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते ठरवणारी सेटिंग) आहे, बस्स. डीएनएस कुणाच्याही हातात असू शकतो: होस्टिंगवाला, साइट बनवून देणारा, नोकरी सोडून गेलेला कर्मचारी, नाहीतर चोर. घराची किल्ली दाखवणारा घरमालकच असतो असं नाही, भाडेकरूकडेही किल्ली असते.

चोरही लिलावात माल आणतात. पीटूपी डॉट कॉम हे डोमेन २००६ मध्ये चोरीला गेलं आणि ईबेवर १ लाख ११ हजार डॉलर्सच्या आसपास विकलं गेलं. घेणारा एनबीएमधला बास्केटबॉल खेळाडू होता, त्याला बिचाऱ्याला काही पत्ता नव्हता. चोराला अटक झाली थेट २००९ मध्ये. पर्ल डॉट कॉमची गोष्ट तर आणखी बोलकी. जानेवारी २०२१ मध्ये चोरी लक्षात आली, पण खात्यावर ताबा आधीच्या सप्टेंबरातच गेला होता. मधल्या काळात डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे फिरवलं आणि मग १ लाख ९० हजार डॉलर्सना विक्रीच्या यादीत लावलं. यादीत होतं म्हणून ते विकणाऱ्याचं झालं नाही, मूळ मालकांना परत मिळालं.

तेव्हा नुसता ताबा नको, इतिहास बघा. मे २०१८ मध्ये युरोपचा खाजगीपणाचा कायदा लागू झाला आणि हूइजवर हा पडदा पडला. त्याआधीच्या नोंदी साठवणाऱ्या सशुल्क सेवा आहेत. तुमचं डोमेन २००९ चं, म्हणजे नऊ वर्षांच्या उघड नोंदी कुठेतरी असणार. एखादी मिळवा. वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) जुनी साइटही बघा, तिथल्या संपर्क पानावर कोण आहे ते टिपून ठेवा.

दुसरं, रजिस्ट्रारला मालकापर्यंत निरोप पोचवायची सोय ठेवावी लागते, एक फॉर्म किंवा झाकलेला ईमेल पत्ता. त्यावरून सहा आकडे पाठवा आणि विक्रेत्याला विचारा, कोणते आकडे आले? नोंदीतला ईमेल खरंच त्याचा असेल तर सांगेल.

तिरकस:
जुनं खोड यांच्याशी सहमत, पण त्या सहा आकड्यांवर फार भिस्त नको. खातं हातात आलं की चोर पहिलं काम ईमेल बदलायचं करतो. शेवटचा बदल तीन आठवड्यांपूर्वीचा आहे, तो कसला? नेमसर्व्हर (डीएनएस सांभाळणारा सर्व्हर) बदलला तरी ती तारीख हलते, मालक बदलला तरी हलते.

आणि एक. रजिस्ट्रार बदलला की साधारण ६० दिवस डोमेन पुन्हा दुसरीकडे नेता येत नाही, पण त्याच रजिस्ट्रारच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलणं बरेचदा चालतं. ‘लगेच पुश करतो’ म्हणणाऱ्याला घाई का, हे विचारून बघाच.

(अवांतर: नावातलं एखादं अक्षर दुसऱ्या लिपीतलं सारखं दिसणारं तर नाही ना? लिलावाच्या पानावरून कॉपी करून ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी टाकून बघा, एक्सएन आणि दोन डॅश असं काही उमटलं तर बोलीच विसरा.)

पानगळ:
अपडेट. अक्षरं शुद्ध आहेत. सहा आकडेही त्याने बरोबर सांगितले. मी जवळजवळ निर्धास्त झाले होते.

मग २०१७ ची हूइज नोंद विकत घेतली. मालकाच्या रकान्यात एका पक्षीनिरीक्षक गटाचं नाव. प्रशासकीय संपर्क गटाचे सचिव. आणि तांत्रिक संपर्काच्या रकान्यात जे नाव आहे ते आपल्या विक्रेत्याचंच!

वेबॅकवर साइट बघितली. २०२१ पर्यंत नियमित लेख, पक्ष्यांच्या याद्या, शिबिरांचे फोटो, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘संकेतस्थळ निर्मिती’ आणि पुन्हा तेच नाव. म्हणजे साइट बनवून देणारा माणूस. चोर म्हणवत नाही, मालकही म्हणवत नाही. संपर्क पानावरच्या ईमेलवर सचिवांना लिहिलं आहे. बघू.

खटपट्या:
भाड्याच्या किल्लीची उपमा फारच लवकर खरी झाली. लिलाव साइटलाही लेखी कळवा, म्हणजे मुदतीत पैसे न भरल्याचा ठपका तुमच्यावर येणार नाही.

पानगळ:
सचिवांचं उत्तर आलं. साइट बंद पडली, पण डोमेन विकायला त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. दरवर्षी हा माणूस नूतनीकरण करायचा आणि गट त्याला पैसे द्यायचा. विक्रेत्याला हे सांगितल्यावर तो उसळला: "तीन वर्षांचे पैसे त्यांनी दिलेच नाहीत, मी खिशातून भरले. मग डोमेन कुणाचं?"

खोटं सांगायचं तर मला त्याचंही थोडं पटलं. आता?

जुनं खोड:
पटू द्या, पैसे देऊ नका. रजिस्ट्रारच्या लेखी मालक म्हणजे मालकाच्या रकान्यात ज्याचं नाव तो. खातं कुणाचं आणि बिल कुणी भरलं ही वेगळी बाब. तीन वर्षांची थकबाकी तो गटाकडून वसूल करू शकतो, पण थकबाकीपोटी दुसऱ्याची वस्तू परस्पर लिलावात काढू शकत नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याने रकान्यातलं नाव बदलून स्वतःचं घातलं असेल तर गटाने ताबडतोब रजिस्ट्रारकडे तक्रार करावी. २०१७ ची नोंद त्यांना द्या. त्यांना युडीआरपीच्या (डोमेनच्या तंट्यांसाठीची लवादासारखी प्रक्रिया) भरीला घालू नका, ती सोय १९९९ पासून आहे खरी, पण ट्रेडमार्कच्या भांडणांसाठी. ही भानगड तिच्यात बसणार नाही.

तिरकस:
‘खोटं सांगायचं तर’ आवडलं :)

पानगळ:
घाईत टंकलं, ‘खरं’ वाचा.

लिलाव साइटने विक्री थांबवली आहे, माझी बोली रद्द, काही कापलं नाही. गटाने रजिस्ट्रारकडे तक्रार केली आणि डोमेन सध्या कुलूपबंद आहे. सचिव म्हणाले, ताबा परत आला की पुढच्या महिन्यात सभा आहे, सभासदांना चालणार असेल तर आम्हीच तुम्हाला विकू.

शेवटचा प्रश्न: गटाकडून घेताना सचिवांचा नुसता ईमेल पुरेल का?

खटपट्या:
नाही. सभेचा ठराव, त्यात डोमेनचं नाव आणि सही करायचा अधिकार कुणाला दिला ते. मग करार, मग एस्क्रो. विकण्याआधी मालकाच्या रकान्यात पुन्हा गटाचं नाव आलंय हे बघा. आणि तो डिझायनर सभासद असेल तर ठरावाच्या वेळी त्याचे तीन वर्षांचे पैसेही चुकते करायला सांगा.

पानगळ:
विचारलं. सभासद आहे. संस्थापक सभासद.