आजची चित्रकला लोकांना कळावी म्हणून काही करायचं तर अनुदान कुठं मिळतं?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, जीडी आर्ट केलंय, शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्याकडं चित्राचं वेड जुनं, आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावं रिक्षावाल्यालाही माहीत असतात, आणि कुणी पोर्ट्रेटचं प्रात्यक्षिक देत असला की माणसं तासतासभर उभी राहून बघतात. पण ते सगळं "हुबेहूब" असेल तर. गेल्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून प्रदर्शन लावलं, त्यात एकानं उसाचं पाचट आणि चिपाड घेऊन इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तूच मांडून केलेली कलाकृती, केलेलं, तर एक काका आत आले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "झाडून घ्यायचं राहिलंय का गा?" आम्ही हसलो, पण नंतर वाटलं की त्यांच्याशी कुणी बोललंच नाही की. ते स्वतः ऊसवाले असणार!

तर डोक्यात असं आहे की वर्षभर रविवारी गॅलरीत आणि आसपासच्या गावांतल्या शाळांत दोघं-तिघं जाऊन लोकांशी आजच्या कलेबद्दल बोलायचं, सोबत मराठीत साधी पुस्तिका. खर्च अंदाजे अडीच-तीन लाख. असल्या कामाला कोण पैसे देतं? आमची संस्था वगैरे नाही.

फाईलवाली
मी कलासंस्थांचे प्रस्ताव लिहायचं काम करते म्हणून सांगते. "लोकांना समकालीन कला समजावी" असं नाव लावलेली ग्रँट आपल्याकडे शोधत बसू नका, जे आहे त्यात आपलं काम बसवावं लागतं.

संस्था नसेल तर पहिलं नाव बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं. १९९३ ला सुरू झालेली स्वतंत्र संस्था, व्यक्तीला थेट पैसे देतात आणि प्रस्ताव इंग्रजीतच हवा असंही नाही. त्यांचा एक कार्यक्रम संशोधनाचा, एक प्रत्यक्ष कला करणाऱ्यांचा. कलाशिक्षणाचाही आहे पण तो कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांसाठी, म्हणजे तुम्ही नाही पण निपाणी-बेळगावकडे कुणी ओळखीचे गुरुजी असतील तर त्यांना सांगा.

दुसरं, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप. ज्युनिअर २५ ते ४० वयाला, महिना १० हजार, सीनिअर ४० च्या पुढे, महिना २० हजार, दोन वर्षं. ती माणसाला मिळते, तुमच्या रविवारच्या कार्यक्रमाला नाही, पण विषय नीट मांडला तर त्यातच हे काम करता येईल.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, म्हणून कुणीतरी सांगेलच, तर ते एवढं सोपं नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृती आहे, पण तिथं भर वारसा जपण्यावर आणि पारंपरिक कला, हस्तकलेवर. चिपाडाचं इन्स्टॉलेशन त्यात कसं बसवणार? शाळांचा भाग पुढे करून "शिक्षण" म्हणून मांडलं तर कंपनीवाला ऐकून तरी घेतो. शिवाय पैसे संस्थेलाच मिळतात, तिला १२ए, ८०जी (या आयकर खात्याच्या), सीएसआर-१ (ही सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची) अशा नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. गावातली एखादी जुनी संस्था सोबत घ्या, फक्त हिशोब कुणाच्या हातात राहणार हे आधी लिहून घ्या.

जर्सीचीमावशी
इकडे अमेरिकेत अगदी याच कामाला पैसा आहे बघा. अँडी वॉरहॉल या चित्रकारानं मृत्यूपत्रात फाउंडेशनसाठी तरतूद केलेली, त्या फाउंडेशनच्या पैशातून आर्ट्स रायटर्स ग्रँट निघते, समकालीन दृश्यकलेवर लिहिणाऱ्यांना १५ हजार ते ५० हजार डॉलरपर्यंत. पण इथले नागरिक, ग्रीनकार्डवाले अशांनाच. माझी भाची आहे इकडे लिहिणारी, तिला सांगितलंय.

फाईलवाली
मावशी, भाचीला मिळो 🙂 पण रंकाळाकाठ, तुम्ही परदेशी फाउंडेशनच्या मागे लागू नका. ते पैसे संस्थेनं घ्यायचे तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेऊन दुसरीला देणंही बंद झालंय. म्हणजे "मोठ्या संस्थेच्या नावावर मागवू आणि आपण वापरू" हा जुना रस्ता गेला.

अस्पिनवॉलचा_पहारा
मी कोची बिएनालेत, म्हणजे केरळातल्या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात, एका सीझनला लोकांना कामं दाखवायला उभा असायचो. (ते बिएनाले सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू दोघंही मुंबईच्या आपल्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे, हे कोल्हापुरात आवर्जून सांगा.) पैशाचं मला कळत नाही, पण "समजावून सांगणार" हा शब्द प्रस्तावातून काढा. मी पहिला आठवडा पाठ केलेलं बोलायचो, चित्रकाराला काय म्हणायचंय वगैरे, लोक मान हलवायचे आणि पुढं जायचे. मग एका बाईंना नुसतं विचारलं, यात तुम्हाला काय दिसतंय, त्या मच्छी विकणाऱ्या, त्यांनी जाळ्याच्या गाठीवरून दहा मिनिटं मलाच शिकवलं. तुमचे ते काका पाचटाबद्दल तुमच्या मित्रापेक्षा जास्त बोलले असते, पाचट जाळायचं की कुजवायचं इथून सुरुवात झाली असती.

मुंबईत बीकेसीत सुदर्शन शेट्टींची पंख लावलेली डबलडेकर बस आहे ना, तिच्यासमोर माणसं आपोआप बोलायला लागतात, कारण बस सगळ्यांनी धरलेली असते. त्या बसपासून सुरू करा, कॉन्सेप्च्युअल आर्टच्या (जिथं वस्तूपेक्षा कल्पना महत्त्वाची) व्याख्येपासून नको.

रंकाळाकाठ
काय राव, हे आधी का नाही सुचलं. फाईलवाली ताई, मग प्रस्तावात काकांचा किस्सा घालू का? की ते फार हलकं वाटेल?

फाईलवाली
पहिल्याच परिच्छेदात घाला. वाचणारा दिवसभर "समाजाला कलासाक्षर करणे" असलं वाचून कंटाळलेला असतो. कुठल्या चार गावांत जाणार त्यांची नावं लिहा, आणि कोण येईल ते लिहा, "सर्वसामान्य जनता" लिहू नका. पुस्तिका शेवटी ठेवा, आधी लोक काय बोलतात ते टिपून घ्या आणि त्यातूनच करा, नाहीतर ५०० प्रती कपाटात पडतात, मी बघितलंय. आणि बजेटमध्ये स्वतःचं मानधन घाला हो. मी माझ्या पहिल्या प्रस्तावात लाजून घातलं नव्हतं, वर्षभर एसटीचं तिकीट, चहा, छपाई सगळं निघालं, मी मात्र फुकट राबले.

रंकाळाकाठ
घालतो. पाचटवाल्या मित्राला आत्ताच फोन केला, तो म्हणतोय काकांना शोधूया, वहीत अभिप्राय नाही पण सही आहे, गाव वडणगे लिहिलंय. रविवारी जाऊन येतो, मग इथंच कच्चा मसुदा टाकतो, सोलून काढा.