शटडाऊनला गच्चीवरची टाकी: तास लावून सोडायची की चालूच ठेवायची?

ऐरोलीकर
नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाच्या मुख्य जलवाहिनीचं काम निघालं की चोवीस तास पाणी बंद (शटडाऊन) अशी नोटीस लागते. पण भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येणारी रिकामी लाईन भरून ऐरोलीच्या टोकाला दाब यायला वेळ जातो. त्यामुळे हिशोब ४८ तासांचाच धरावा. सात मजले, २८ घरं, ११२ माणसं घ्या. माणशी १३५ लिटर म्हणजे रोज १५,००० लिटर. खालची टाकी २५,००० ची, वरची १०,००० ची. फूटव्हॉल्व्हखालचं (पंपाच्या ओढनळीच्या तोंडाखालचं) पाणी आणि गाळ वगळून हाती उरतात ३२,०००. म्हणजे दोन दिवस, तेही कसेबसे. म्हणून माझं मत ठाम आहे. सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी ७ ते ८, एवढंच पाणी सोडावं. नळाला पाणी असेपर्यंत कोणी हात आखडत नाही, लिफ्टशेजारी कितीही सूचना लावा.

प्लंबिंग_कोपरखैरणे
साहेब, तास लावले की वापर वाढतो. पाणी जाणार या धास्तीने घरोघरी ड्रम, बादल्या, पातेली, सगळं भरलं जातं. घरटी २५० लिटर धरा, पहिल्याच तासात ७,००० लिटर उतरले. दुसऱ्या सकाळी त्यातलं उरलेलं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओततात आणि ताजं भरतात. ही नासाडी तुमच्या हिशोबात कुठेच नाही.

शिवाय हवा. उतरता पाइप रिकामा झाला की त्यात हवा शिरते. गच्चीवरचा आडवा पाइप मध्येच कुठे उचललेला असला की ती तिथे अडकते आणि पाणी सुटलं तरी त्या लाईनीतले सगळे नळ नुसते फुसफुसतात. सातव्या मजल्याचे हाल सर्वात वाईट, कारण टाकी त्यांच्या नळापासून जेमतेम तीन-चार मीटर वर. तेवढ्या दाबाने हवा ढकलली जात नाही.

त्यापेक्षा पाणी चालू ठेवा आणि संडासातल्या फ्लशचा अँगल कॉक (टाकीखालचा छोटा नळ) बंद करायला लावा. एका फ्लशला ८ ते १० लिटर, माणशी पाच वेळा धरले तरी इमारतीत रोज साडेचार-पाच हजार लिटर तिथेच जातात. कपडे धुतलेलं पाणी बादलीने ओतलं की भागतं. १५,००० चे १०,००० झाले तर तेच ३२,००० लिटर तीन दिवस पुरतात.

नौपाडा_ताई
कॉक बंद केला का, हे २८ घरांत जाऊन बघणार कोण? कागदावरची बचत आहे ही. पण तास लावण्यालाही माझा विरोध आहे, आणि तो ड्रमांमुळे. २०० लिटर म्हणजे २०० किलो. जुन्या इमारतीच्या बाहेर काढलेल्या गॅलरीत असे दोन ड्रम ठेवायचे? तिथली सळई आधीच गंजलेली असते. शिवाय पालिकेचं पाणी परत आलं तरी ड्रम भरलेलेच राहतात आणि आठवडाभरात डेंग्यूचे डास तयार होतात. दुसऱ्या दिवसासाठी १०,००० लिटरचा एक टँकर आधीच सांगून ठेवावा. खर्च वाटून घेतला की घरटी फार पडत नाही.

प्लंबिंग_कोपरखैरणे
ताई, ड्रमचं पटलं. टँकर मात्र थेट टाकीत ओतू नका. आधी ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकून क्लोरीन आहे का ते बघा. पिवळा रंग आला नाही तर क्लोरीन नाही. मग १०,००० लिटरला ५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, फक्त वरचं निवळ पाणी टाकीत घाला आणि तासभर पंप लावू नका. शटडाऊनच्या दिवशी सगळेच टँकर मागतात, तेव्हा भरवसा त्याच्यावर ठेवू नये.

ऐरोलीकर
हवेचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय आहे. टाकीत फूटभर पाणी उरलं की व्हॉल्व्ह बंद करायचा. टाकी रिकामी झालीच नाही तर हवा येणार कुठून?

प्लंबिंग_कोपरखैरणे
नळांतून. व्हॉल्व्ह टाकीजवळ असतो. खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला की वरच्यांच्या उघड्या नळांतून हवा ओढली जाते आणि अख्खा पाइप रिकामा होतो. गिझरच्या इनलेटचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) खराब असेल तर गिझरही उलटा रिकामा होतो. बटण चालू राहिलं असेल तर कॉइल गेली. तास लावायचेच असतील तर व्हॉल्व्हच्या लगेच पुढे पाऊण इंची हवेची नळी हवी, टाकीच्या पाण्याच्या पातळीहून उंच. बऱ्याच गच्च्यांवर वॉटरप्रूफिंग करताना ती कापून बूच मारलेलं असतं, ते आधी बघा. आणि व्हॉल्व्ह एकदम उघडू नका, पाव फेरा देऊन पाच मिनिटं थांबा.

ऐरोलीकर
नळी बसवून घेता येईल. पण तास मी सोडणार नाही. घरोघरच्या समजूतदारपणावर ३२,००० लिटर सोपवायला मी तयार नाही.

नौपाडा_ताई
तास लावा नाहीतर नका लावू, पालिकेचं पाणी परत येतं तेव्हाची चूक दोन्हीकडे सारखीच होते. रिकाम्या लाईनीत गटारालगतच्या गळतीतून घाण आत आलेली असते. खालच्या टाकीचा इनलेट बंद ठेवून मीटरजवळच्या नळातून पहिली १५-२० मिनिटं पाणी वाहू द्या. गढूळपणा आणि वास गेल्यावरच टाकीत घ्या. त्या दिवशी आरओ बंद ठेवा, प्यायचं पाणी उकळा, वॉशिंग मशीनच्या इनलेटची जाळी काढून धुवा. आणि कोणी थेट पालिकेच्या लाईनला मोटर लावली असेल तर ती आधी काढायला लावा, कारण तीच गळतीतून गटाराचं पाणी ओढते.