लेचवर्थचा ग्रीनवे: शेतातली वाट नक्की कोणाची?

बार्शीकर_सध्या_यूके
नुकतेच इंग्लंडमधल्या लेचवर्थला राहायला आलोय. आई-बाबाही आलेत. गावाभोवती ग्रीनवे नावाची फिरायची वाट आहे, तिच्यावर रोज थोडं थोडं फिरतो. परवा पिवळ्या बाणामागे गेलो तर वाट थेट उभ्या गव्हात शिरली. बाबा जागीच थांबले. "दुसऱ्याच्या पिकात पाय घालायचा नाही, बांधावरून चल." बांध कुठला आणू? पुढे तर काटेरी झुडपांनी वाटच बंद. ही वाट काढली कोणी, आणि साफ कोणी करायची?

निवृत्त_ओव्हरसिअर
बाबांना नमस्कार सांगा, माणूस मातीतला दिसतोय. तुम्ही ग्रीनवे सोडून बाजूच्या पायवाटेला लागलात. ग्रीनवे बहुतेक शेतांच्या कडेकडेनेच जातो. साडेतेरा मैलांचा फेरा, 2003 साली गावाच्या शंभरीला काढलेला. तो जमला जमिनीमुळे. 1903 मध्ये हे गाव वसवणाऱ्या कंपनीने सुमारे 3,800 एकर घेऊन एकाच मालकीची केली. गावाभोवती शेतीचा पट्टा हवाच, हा अशा गावाची कल्पना मांडणाऱ्या एबेनेझर हॉवर्डचा आग्रह. आजही भोवतालची बरीच शेतं गावाची मालमत्ता सांभाळणाऱ्या हेरिटेज फाउंडेशन या संस्थेकडे आहेत. पन्नास खातेदारांच्या सह्या लागल्या असत्या तर अजून नकाशेच चालले असते!

पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची सार्वजनिक वाट. निळा असेल तर घोडा, सायकलही चालते. रानातून आडवी जाणारी पायवाट शेतकरी पेरणीसाठी नांगरू शकतो, पण 14 दिवसांत किमान एक मीटर रुंद करून द्यावी लागते आणि तिच्यात पीक येऊ द्यायचं नसतं. तेव्हा बाबांनी खुशाल त्या पट्ट्यातून चालावं. उलट, वाट सोडून बाजूने गेले तरच पीक तुडवलं जाईल.

कुंपणाचे काटे वाटेवर आले तर ते छाटणं जमीनमालकाकडे. वाटेतच उगवलेलं गवत, नेटल (खाजरं झुडूप) काढणं काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या कौन्सिलकडे. काउंटीच्या वेबसाइटवर फोटोसकट तक्रार टाका. फक्त मार्च ते ऑगस्ट घरट्यांमुळे कुंपणाची मोठी छाटणी सहसा करत नाहीत.

आमच्या स्वयंसेवक गटात पाट्या लावायला सगळे पुढे, फोटो निघतो ना! खरं काम पाण्याचं. शरदात फाटकापाशी पानांनी चर बुजतो, पाणी वाटेवर येतं, लोक चिखल चुकवत कडेने चालतात आणि बघता बघता एका मीटरच्या वाटेचा तीन मीटर राडा होतो. मग खडी टाका. दोन फावडी पानं वेळेवर उपसली असती तर भागलं असतं.

हर्ट्सची_सुनबाई
काकूंना घेऊन पायवाटांवर जाताना कुंपणावरच्या लाकडी पायऱ्यांकडे लक्ष ठेवा. साडीत त्या ओलांडणं म्हणजे कसरत. जवळच्या विलियन गावातल्या तळ्यापर्यंत नेऊन आणा, रमतील.

बार्शीकर_सध्या_यूके
धन्यवाद काका, ताई. बाबा दिवाळीपर्यंत आहेत. विचारतायत, चर काढायला कधी येऊ?

निवृत्त_ओव्हरसिअर
ऑक्टोबरची तारीख ठरली की इथेच कळवतो. फावडं आहे आमच्याकडे. चपला घालून मात्र आणू नका, जाड बूट लागतील.