घरात ऐकलेली स्कॉटिश कुळकथा कागदाशी कशी जुळवायची?

काही घरांत पिढ्यानपिढ्या सांगतात, "आपले पूर्वज स्कॉटलंडचे." सोबत एखाद्या वाडीचं नाव येतं, एखादी लढाई, एखादं बदललेलं आडनाव. या ऐकीव धाग्यावरून खऱ्या वंशावळीपर्यंत कसं पोचायचं, हे काम करणाऱ्यांनी नेमकेपणाने लिहावं. कुठे अडतं तेही.

एडिनबर्गहून

आधी ऐकलेलं जसंच्या तसं उतरवा: कोणी सांगितलं, त्यांनी कोणाकडून ऐकलं, उच्चार काय केला. गावाचं नाव नकाशात सापडत नाही म्हणून ते "दुरुस्त" करू नका, कारण स्पेलिंग विसरलं जातं पण उच्चार पुष्कळदा टिकतो. शक्य असेल तर दुसऱ्या शाखेतल्या म्हाताऱ्या माणसाला वेगळं गाठून विचारा, पहिल्याची कथा न सांगता.

मग नावं, ठिकाणं, धंदा आणि प्रसंग वेगळे काढा. शेताचं नाव आणि आजा-पणज्याचा क्रम सहसा भरवशाचा असतो. हुद्दा आणि लढाई सर्वात कमी. "कलोडनहून पळून आला" असं असंख्य घरांत सांगतात. राजाविरुद्धचं जॅकोबाइट बंड जिथे मोडलं ती ही लढाई, 16 एप्रिल 1746 ची. तीस वर्षांना एक पिढी धरून मोजा. पिढ्या कमी पडत असतील तर बहुधा एकाच नावाची दोन माणसं सांगण्यात एक झालेली असतात. देश सोडायचं खरं कारण पुष्कळदा वाढलेला खंड, मेंढ्यांसाठी उठवलेली वाडी किंवा 1846 पासूनची बटाट्याची कीड असतं.

कागदाकडे जायचा पूल म्हणजे 1 जानेवारी 1855. त्या दिवशी सरकारी नोंदणी सुरू झाली आणि मृत्यूच्या नोंदीत आईवडील दोघांची नावं येऊ लागली, आईचं माहेरचं आडनावही. म्हणजे 1860 मध्ये ऐंशीव्या वर्षी वारलेल्या बाईच्या नोंदीतून 1780 च्या आधीचं जोडपं हाती लागतं. नोंद उघडल्यावर माहिती कोणी दिली तो रकाना आधी वाचा. जावयाने दिली असेल तर सासूच्या आईचं नाव चुकलेलं असू शकतं. खुद्द 1855 सालच्या नोंदी तर खजिना आहेत. मृत्यूच्या नोंदीत मुलांची नावं आणि वयंसुद्धा. पुढच्या वर्षी हा तपशील कमी केला, याची हळहळ वाटते.

'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर जन्माची प्रत 100, लग्नाची 75 आणि मृत्यूची 50 वर्षांनंतर पाहता येते. 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं सहसा पाचच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, हे विसरू नका.

इनव्हर्नेसहून

गेलिक, म्हणजे डोंगराळ उत्तरेची आणि बेटांची जुनी भाषा बोलणाऱ्या घरांत वंश म्हणण्याची रीत आहे, तिला स्लॉन्यग म्हणतात: अलास्टरच्या डोनाल्डचा इयन, अशी बापाच्या नावांची साखळी. ही मिळाली तर सोनं समजा. मात्र तीत आडनाव नसतं, आणि पाद्र्याने वहीत इंग्रजी रूप लिहिलेलं असतं. गिलेस्पिक आर्चिबाल्ड होतो, टॉरमॉड नॉर्मन होतो, डोनाल्ड कधी डॅनियलही. सगळी रूपं शोधा.

नावं ठेवण्याची रीतही पडताळायला उपयोगी. थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा बापाच्या. थोरली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. मूल दगावलं तर तेच नाव पुढच्याला. ही रीत सर्वांनी पाळली नाही, म्हणून तिच्यावरून उमेदवार निवडा, पुरावा मानू नका.

पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्यांत मोठ्या फटी आहेत. सर्वात जुनी एरोल या पॅरिशची, 1553 ची. पण हेब्रिडीज या पश्चिमेकडच्या बेटांवरच्या कित्येक वह्या एकोणिसाव्या शतकात सुरू होतात. 1783 ते 1794 नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, तेव्हा गरिबांनी टाळाटाळ केली. 1843 मध्ये मुख्य स्कॉटिश चर्चमधून फ्री चर्च फुटून निघालं, त्यांचे बाप्तिस्मे त्यांच्याच वह्यांत. अशा फटीत 1883 चा नेपियर आयोग बघा. कुळांनी आपल्या आजोबांना कुठल्या वाडीतून उठवलं ते तिथे तोंडी सांगितलं आणि ते शब्द छापले गेले. 'टोबार अन डुअलखइश' या संकेतस्थळावर जुनी ध्वनिमुद्रणं ऐकता येतात. तिथे वाडीच्या नावाने शोधा.

एबर्डीनहून

ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळी गावांत अर्ध्या गावाचं आडनाव एकच. बकीला काउई आणि स्मिथ किती! तिथे प्रत्येक घराला उपनाव होतं आणि ते नोंदीतही चढलेलं असतं. घरात आजोबांचं विचित्र टोपणनाव सांगत असतील तर टाकू नका.

ग्लासगोहून

"आमचं खरं आडनाव मॅकग्रेगर" ही कथा खरी असू शकते. ते नाव सरकारी हुकमाने 1603 मध्ये बंद केलं, 1661 मध्ये मोकळीक, 1693 मध्ये पुन्हा बंदी, 1774 मध्ये कायमची उठली. पण सिद्ध करायला त्याच शेतावर बदलाआधीचं आणि नंतरचं नाव दाखवणारे कागद हवेत. ते नसतील तर थेट पुरुषवंशाची वाय-डीएनए चाचणी, कारण साधी चाचणी पाच-सहा पिढ्यांपलीकडे फारशी चालत नाही.

आडनावावरून सरदाराचं रक्त ठरवू नका; त्याच्या जमिनीवरची कुळंही त्याचं नाव घेत. घरातला टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांचं कापड, हाही पुरावा नाही. प्रत्येक क्लॅनला (एका आडनावाच्या घराण्याला) ठराविक टार्टन ही व्यवस्था मुख्यतः 1822 च्या राजाच्या एडिनबर्ग भेटीच्या सुमारास रुजली.

हॅलिफॅक्सहून

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात आलेल्यांनी उलट दिशेने सुरुवात करावी. "स्कॉटलंड" हा पत्ता नव्हे, तिथे जुने सुमारे 900 पॅरिश आहेत. इथल्या थडग्यावर, मृत्युलेखात किंवा चर्चच्या वहीत पॅरिशचं नाव सापडेपर्यंत पलीकडे पैसे खर्चू नका. बायकांची थडगी नीट वाचा. स्कॉटिश रीतीने माहेरचं आडनाव कोरलेलं असतं.

मुंबईहून

भारतातल्या अँग्लो-इंडियन घरांतही "खापरपणजोबा स्कॉच सोल्जर" ऐकू येतं. मुंबईत स्कॉटिश लोकांचं सेंट अँड्र्यूज चर्च 1819 चं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या मालिकेत आहेत. बाप्तिस्म्यात बापाचा हुद्दा आणि पलटण मिळते. आई भारतीय असेल तर तिचं नाव पुष्कळदा गाळलेलं असतं. पलटण कळली की ईस्ट इंडिया कंपनीच्या भरतीच्या नोंदी काढा. तिथे जन्मगाव आणि आधीचा धंदा लिहिलेला असतो, आणि घरात "विणकर होते" असं सांगत असतील तर एकाच नावाच्या चार शिपायांतून आपला निवडता येतो.