गावाच्या आराखड्याला एक दिशा कशी द्यायची? अनुभवी मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी माण तालुक्यातल्या एका लहान गावची सरपंच. थेट जनतेतून निवडून आले, सदस्यांत मात्र समोरच्या पॅनेलचं बहुमत आहे. तरी कामं अडत नाहीत. अडचण वेगळीच आहे: कामं होतायत, पण ती कशासाठी चाललीत हे गावात कुणाला विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतात.

यंदाच्या आराखड्यासाठी वॉर्डावॉर्डांतून मागण्या आल्या. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्मशानभूमीला शेड, दोन देवळांना सभामंडप, गटार, पुन्हा पेव्हर ब्लॉक. यादी निधीत बसवली, प्रत्येक वॉर्डाला थोडं थोडं दिलं, सगळे समाधानी. आणि याच गावातून उन्हाळ्यात टँकरचा प्रस्ताव जातो! त्या यादीत पाण्याची ओळ एकच होती, 'नवीन बोअर घेणे'.

मध्यंतरी पाण्याच्या कामासाठी नावाजलेल्या, नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊन आले. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले तेव्हा तेही आपल्यासारखंच अवर्षणाचं गाव होतं. बांध, चर, झाडं हे सगळं आपल्याकडेही कागदावर आहे. मला जास्त महत्त्वाचे वाटले ते त्यांचे नियम. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावर पिकं ठरवायची. असे कडक नियम नुसत्या धाकाने वर्षानुवर्षं टिकत नाहीत. आपल्याला कुठे पोचायचंय हे आधी गावाला पटलेलं असणार, असं माझं ठाम मत झालंय. नेतृत्वाचं खरं काम तेच, निधी आणणं त्यानंतरचं.

म्हणून दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी एकच वाक्य मांडलं: "पाच वर्षांनी मे महिन्यात आपल्या गावात टँकर येणार नाही." टाळ्या पडल्या. मग डाळिंबवाले शेतकरी उठले, "म्हणजे आमच्या बोअर बंद करणार का?" आणि मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ते झालं गं बाई, पण उद्या सकाळी काय करायचं ते सांग." सभा संपली, आणि कुणीही आपल्या वॉर्डाची मागणी मागे घेतली नाही.

एक गोष्ट मात्र लागू पडली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हिशोब लिहिला: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. त्याखाली गावाचं क्षेत्र आणि पडलेला पाऊस. दोन दिवसांनी पोरं तिथे उभी राहून मोबाईलवर गुणाकार करत होती, आणि एकाने विचारलं, "एवढं पाणी पडतं तर जातं कुठं?" हा प्रश्न मला साऱ्या गावाच्या तोंडी हवा आहे.

पैशाची सबब नाही. केंद्राच्या वित्त आयोगाच्या निधीतले बरेचसे पैसे पाणी आणि स्वच्छतेसाठीच बंधित असतात, म्हणजे दुसरीकडे खर्चता येत नाहीत. ते कोणत्या क्रमाने लावायचे, हे ठरत नाही.

आता माझे प्रश्न. ज्यांनी गावात, सोसायटीत किंवा संस्थेत असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पहिलं काम कोणतं घ्यावं? एकाच पावसाळ्यात डोळ्यांना दिसेल असं हवं. जुन्या पाझर तलावाचा गाळ काढणं माझ्या मनात आहे, गाळ शेतकऱ्यांनीच आपल्या रानात न्यायचा. पण गाळ गेला आणि पाऊसच कमी झाला तर लोकांचा विश्वास उडेल ही भीती वाटते.

डाळिंबवाल्यांशी बोलायचं कसं? त्यांची कर्जं आहेत, बागा पोटच्या पोरासारख्या वाढवल्यात. बंदी हा शब्द उच्चारला की चर्चा तिथेच संपते. आधी त्यांनाच बोअरची पातळी मोजायला सांगितलं तर? कुणी केलंय का?

समोरच्या पॅनेलला या वाक्यात वाटेकरी कसं करून घ्यायचं? माझी मुदत संपल्यावर हे काम पुसलं जाऊ नये, ही माझी सगळ्यात मोठी काळजी आहे. नुसता ठराव पुरत नाही, ठरावांची रजिस्टरं कपाटात भरलेली आहेत.

आणि पाण्याच्या ताळेबंदाची वही कुणाच्या गावात असेल तर तिच्या पानाचा फोटो टाका. रकाने कसे आखलेत आणि नोंदी कोण ठेवतं, तेवढं कळलं तरी मला येत्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेपासून सुरुवात करता येईल.