अर्ध्यात डाव सोडून गायब होणाऱ्यांचं रेकॉर्ड सगळ्यांना दिसावं का?

एरंडवण्याचा_ऑस्ट्रिया
माझं मत, दिसायलाच हवं. आधी काय झालं ते सांगतो मग भांडा.

आम्ही ऑनलाइन खेळतो तो डिप्लोमसी हा बोर्डगेम माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सात देश, सात खेळाडू, १९०१ सालचा युरोप. फासे नाहीत, पत्ते नाहीत. नकाशावर ३४ सप्लाय सेंटर, म्हणजे ताब्यात घ्यायच्या मोक्याच्या जागा, ज्याची १८ झाली तो जिंकला. ऑर्डर सगळ्यांनी गुपचूप द्यायच्या आणि त्या एकदम उघडतात, म्हणून सगळा खेळ कोणाशी काय बोललात आणि कोणाच्या शब्दावर विसंबलात यावर चालतो. आम्ही एका चालीला २४ तास ठेवतो, एक डाव आरामात दोन महिने जातो.

मी ऑस्ट्रिया. तुर्कस्तानवाल्याशी तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की बोलणं. माझी आर्मी रुमानियात, त्याची बल्गेरियात, तो तिथून मला सपोर्ट (म्हणजे माझ्या आर्मीला जोर) देणार आणि ब्लॅक सीमधली फ्लीट (आरमार) सेवास्तोपोलवर घालणार, आर्मेनियातली आर्मी तिला सपोर्ट करणार, असं पक्कं ठरलेलं. रात्री नऊला ऑर्डर उघडल्या तर तुर्कस्तानची जागा कोरी. त्याचे सगळे युनिट जागच्या जागी होल्ड. रशिया युक्रेनमधून सेवास्तोपोलचा सपोर्ट घेऊन आला, दोनास एक, रुमानिया गेलं. पुढच्या चालीलाही कोरी, त्याच्या पुढच्याही. मग अंकारा, कॉन्स्टँटिनोपल, स्मर्ना रशियाने एकेक करून उचलली आणि माझ्या बुडापेस्टवर आला.

त्याने मला दगा दिला असता तर मी दुसऱ्या दिवशी त्याला शाब्बास म्हणालो असतो, दगा हा या खेळाचा भागच आहे. गायब होणं हा भाग नाही. एक जण जातो आणि सहा जणांचे दोन महिने नासतात, शेजाऱ्याला मात्र तीन सेंटर आयती मिळतात. नवीन डावात बसण्याआधी मला कळायला हवं की समोरचा शेवटपर्यंत टिकतो की नाही.

रात्रपाळी_हिंजवडी
दादा, मी असा गायब झालेला माणूस आहे. तुमच्या डावातला नाही, दुसऱ्या.

मागच्या वर्षी वडिलांना अ‍ॅडमिट केलं, अकरा दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर होतो. फोन चालू होता पण तो रक्तासाठी, मेडिक्लेमच्या कागदांसाठी आणि गावाकडून येणाऱ्या नातेवाइकांना रस्ता सांगण्यासाठी. डाव चालू आहे हे डोक्यातूनच गेलं. महिन्याने लॉगिन केलं तर नावापुढे भरवशाचा आकडा ५८ टक्के. तीन डावांत जागा मागितली, दोघांनी सरळ नाही म्हटलं, एकानेही विचारलं नाही की काय झालं होतं. त्याआधी चार वर्षं मी एक चाल चुकवली नव्हती. तुम्ही म्हणता रेकॉर्ड दिसावं, पण त्या आकड्यात माझे वडील कुठे दिसतात?

मिडलेन_वारजे
वाईट झालं मित्रा, बाबा आता बरे असतील ही आशा. पण मी ऑस्ट्रियाच्या बाजूने आहे. आमच्या डोटा २ या ऑनलाइन गेममधे पाच मिनिटं डिसकनेक्ट राहिलास की अबँडन, म्हणजे मॅच सोडल्याची नोंद, कारण कोणी विचारत नाही. लाईट गेली, वायफाय गेलं, आईने हाक मारली, सगळं सारखंच. सारखं सारखं झालं की लो प्रायॉरिटीत, म्हणजे शिक्षेच्या वेगळ्या रांगेत टाकतात, तिथे ठरलेल्या मॅच जिंकल्याशिवाय बाहेर येता येत नाही. कडक आहे, पण सगळ्यांना एकच नियम, ओळखीपाळखीचा प्रश्न नाही. गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते म्हणून मी गुरुवारी दुपारी रँक्ड (क्रमवारीची) मॅच लावत नाही, बाकी चार जणांची मॅच मी का घालवू?

रात्रपाळी_हिंजवडी
चाळीस मिनिटांची मॅच आणि दोन महिन्यांचा डाव यात फरक आहे रे. चाळीस मिनिटं कोणीही सांभाळेल. दोन महिन्यांत माणसाच्या घरी काहीही होऊ शकतं.

फ्रान्सवाली
या दोघांच्या मधे एक गोष्ट राहून जातेय. मी सात वर्षं खेळतेय आणि माझ्या डावांतून गेलेले बहुतेक हरायला लागल्यावर गेलेत. सहा सेंटरवर असताना रोज मेसेज, दोनवर आले की शांत. त्यांना वाटतं आता आपण खेळून काय फरक पडणार. पडतो! एकदा माझ्याकडे फक्त ब्रेस्ट आणि पोर्तुगाल उरलं होतं. इंग्लंड १६ वर होता. मी नुसती मिड अटलांटिकमधली फ्लीट धरून बसले, रोज इटलीला सांगत राहिले की मला मारलंस तर इंग्लंड भूमध्यात येईल आणि तू थांबवू शकणार नाहीस. शेवटी ड्रॉ झाला, आणि ड्रॉमधे जिवंत असलेल्या सगळ्यांचा वाटा सारखा. मी तेव्हा उठून गेले असते तर इंग्लंड जिंकला असता आणि बाकीच्यांचा काहीच दोष नव्हता. त्यामुळे मला रेकॉर्ड हवं, पण किती सेंटर असताना गेला तेही त्यात हवं.

पथक_आणि_क्लॅन
आमच्यात हे आधीच सोडवलंय. क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममधे दोन क्लॅनच्या (गटांच्या) वॉरचा दिवस २४ तासांचा, प्रत्येकाला दोन अटॅक. आपल्या नावापुढे हिरवं ठेवलं म्हणजे मी आहे, लाल म्हणजे या वेळी मला घेऊ नका. लाल केल्याबद्दल कोणीही बोलत नाही. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात ढोलाचा सराव, घरी येईपर्यंत हात उचलत नाहीत, तेव्हा मी सरळ लाल करतो. एका वर्षी हिरवं तसंच राहिलं, दोन्ही अटॅक वाया, वॉर एका स्टारने हरलो. लीडरने काढून टाकलं आणि बरोबर केलं. तीन महिन्यांनी परत घेतलं. तुमच्या खेळात आधी सांगायची सोय आहे का नाही?

एरंडवण्याचा_ऑस्ट्रिया
आहे की, सगळे तयार असतील तर डाव थांबवता येतो. म्हणूनच मला राग येतो. एक ओळ लिहा, "अडचण आहे, थांबा किंवा दुसरा माणूस बघा". मी सहा महिनेसुद्धा थांबेन.

@रात्रपाळी, तुमचं वाचून दोन दिवस डोक्यात होतं. तरी मी हेच म्हणेन, एक ओळ.

रात्रपाळी_हिंजवडी
त्या बाकावर बसल्यावर ती ओळ सुचत नाही. मी खरं सांगतोय.

लक्ष्मीरोड_आजोबा
अहो, हे भांडण तुमच्या इंटरनेटपेक्षा जुनं आहे. हा खेळ १९५९ साली बाजारात आला आणि १९६३ पासून अमेरिकेत लोक तो पोस्टाने खेळत होते. ऑर्डर वेळेत पोचली नाही तर पत्रिकेत त्या देशापुढे एनएमआर छापायचे, म्हणजे चाली मिळाल्या नाहीत. पत्र हरवलं, माणूस आजारी, की कंटाळला, कळायला मार्गच नाही. म्हणून डाव चालवणारे आधीच स्टँडबाय खेळाडूंची यादी ठेवायचे, जागा रिकामी झाली की त्यातला एक तिथे बसायचा. गेलेल्याला शिक्षा काय यावर तुम्ही एवढं बोलताय, मोडका देश घेऊन शेवटपर्यंत लढतो त्याला काय मिळतं हे कोणी विचारलं नाही. त्याचीही नोंद दिसू द्या की नावापुढे.

फ्रान्सवाली
काका +१. आणि जुनं रेकॉर्ड पुसलं जाऊ दे, एका वर्षाचंच दिसावं.

मिडलेन_वारजे
पुसायला माझा विरोध. जो वर्षातून एकदाच असं करतो तो दर वर्षी स्वच्छ दिसेल.

एरंडवण्याचा_ऑस्ट्रिया
वर्षभराचं मला मान्य. आजोबांचं तर शंभर टक्के.

@रात्रपाळी, आमच्या दुसऱ्या डावात परवा जर्मनीवाला गेला. तीन सेंटर उरलीत, बर्लिन, कील आणि डेन्मार्क, चाल उद्या रात्री नऊला. ५८ टक्के आहेत ते मला माहीत आहे, बाकी पाच जणांशी मी बोलतो. घेता का?

रात्रपाळी_हिंजवडी
या आठवड्यात सकाळची शिफ्ट आहे, जमेल. कीलमधे फ्लीट आहे की आर्मी?